घडाघडा येतं, पण राहत नाही

शिकणं आणि लक्षात ठेवणं याबद्दल कोकणातून आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रं लांब होती, त्यातला मुद्दा तेवढा ठेवला आहे.

मुलगी दहावीला आहे. धडा तीन-चार वेळा वाचते, रात्री विचारलं की घडाघडा सांगते. आठ दिवसांनी चाचणीत मात्र पाटी कोरी. रोज चार तास बसते, त्यामुळे आळस म्हणता येत नाही. कुठे चुकतंय?
एक आई, दापोली

चार वेळा वाचण्यातच गोम आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वाचनाला ओळी ओळखीच्या वाटू लागतात आणि ती ओळख पटली की मूल ‘येतंय मला’ असं धरून चालतं. बाजारात एखाद्याचा चेहरा ओळखू येतो, नाव काही केल्या आठवत नाही, तसं हे. पेपरात चेहरा दाखवत नाहीत, नाव विचारतात.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. एका गटाने उतारा चार बैठकांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकाच बैठकीत वाचला आणि मग तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं, आठवणाऱ्यांकडे ६१. तुमच्या मुलीची रात्रीची घडाघडा म्हणजे ती पाच मिनिटांनंतरची ८३ टक्के. तिच्यावर विसंबू नका.

धडा एकदा नीट समजून वाचायचा. पुस्तक मिटून दुसऱ्या खोलीत ठेवायचं, कोरा कागद घ्यायचा आणि दहा मिनिटं जे आठवेल ते लिहायचं. क्रम चुकला, वाक्यं तुटकी आली तरी चालेल. अडलं तरी निदान मिनिटभर झगडायचं, कारण आठवण पक्की होते ती त्या झगड्यात. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने त्याच कागदावर भरायचं. पुढच्या वेळी अभ्यास करायचा तो त्या लाल भागाचा. सगळा धडा पुन्हा वाचत बसायची गरज नाही.

हे कधी करायचं, याला महत्त्व आहे. हर्मान एबिंगहाउसने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचं मोजमाप मांडलं. त्याचे शब्द निरर्थक होते, धडा इतक्या वेगाने पुसला जात नाही. पण सर्वांत मोठी गळती पहिल्या काही तासांत होते, हे तिथेही खरं. म्हणून पहिला कोरा कागद त्याच दिवशी झोपण्यापूर्वी, दुसरा एक दिवस सोडून, तिसरा आठवड्याने, चौथा तीन-चार आठवड्यांनी. अंतर परीक्षेच्या तारखेवरून ठरवा. परीक्षा दोन महिन्यांवर असेल तर दोन उजळण्यांत सहा ते बारा दिवस असावेत. चाचणी आठवड्यावर असेल तर एक-दोन दिवस पुरे.

गणपतीत पाच-सात दिवस पुस्तक बाजूला पडतं म्हणून घरोघरी कुरकुर होते. त्या खंडानंतर पहिल्या दिवशी कोरा कागद घेतला तर तो सुट्टीचा खड्डा उलट कामाला येतो. मूल रडकुंडीला येईल, कारण निम्मंच आठवेल. ते निम्मं किती भरवशाचं आहे, हे मात्र तेव्हाच कळतं. शिमग्याचं गणित वेगळं. पालखी आणि दहावीचे पेपर एकमेकांच्या मागेपुढेच येतात, तेव्हा त्या काळात नवीन धडा हाती घेऊ नये, फक्त लाल भाग फिरवावा.

ही पद्धत फसते ती दोन ठिकाणी. मुलं पुस्तकाच्या पानात बोट घालून ठेवतात आणि अडलं की ओझरतं बघतात. मग पुन्हा ओळखच तयार होते. आणि घरचे कागद तपासून गुण द्यायला लागतात. तो कागद कोणाला दाखवण्यासाठी नाही. गुण दिले की मूल त्यावर फक्त पक्कं तेवढंच लिहितं आणि कच्चं लपवतं.

गणिताला एवढंच करा: एका बैठकीत एकाच प्रकारची वीस उदाहरणं सोडवू नका. बीजगणितातली चार, भूमितीतली तीन, मग पुन्हा बीजगणितातली वेगळ्या प्रकरणातली, अशी सरमिसळ ठेवा. सलग एकाच प्रकारात रीत कोणती लावायची हे आधीच माहीत असतं, पेपरात ते ओळखण्यातच वेळ जातो.

मुलगा बारावी सायन्सला आहे. शिकवणीसाठी शहरात ठेवणं परवडत नाही, म्हणून मोबाइलवरची व्याख्यानं आणि आता एआयचं अ‍ॅप. तास न् तास बघतो. याचा उपयोग होतो का?
एक वडील, रत्नागिरी तालुका

व्याख्यान चांगलं असेल तर होतो, पण बघण्याला अभ्यास समजलं की बिघडतं. उत्तम शिक्षक गणित इतक्या सफाईने सोडवतो की ती सफाई आपलीच वाटते. आधी उदाहरण दिसलं की व्हिडिओ थांबवायचा, वहीत स्वतः सोडवायचं, मग पुढे चालवायचा. सात-आठ मिनिटांनी एकदा थांबवून आतापर्यंतचं तीन ओळींत लिहायचं. चाळीस मिनिटांच्या व्याख्यानाला असे सत्तर-ऐंशी मिनिटं लागतील. लागू देत. रेंज जाते-येते तिथे रात्री व्हिडिओ उतरवून ठेवावा आणि दिवसा डेटा बंद करून बघावा. नोटिफिकेशनची कटकट आपोआप थांबते. वही-पुस्तकाच्या अभ्यासाला मोबाइल दुसऱ्या खोलीत. फोन नुसता टेबलावर असला तरी लक्ष ओढतो, असं २०१७च्या एका अभ्यासात दिसलं होतं, नंतरच्या पडताळण्यांत ते सगळीकडे दिसलं नाही. पण वाजणारा फोन तंद्री मोडतो, यात वाद नाही.

एआयबद्दल सावध राहायला पक्कं कारण आहे. तुर्कस्तानात शाळेतल्या सुमारे हजार मुलांना गणिताच्या सरावाला चॅटबॉट देऊन पाहिला. उत्तर थेट देणारा चॅटबॉट ज्यांना मिळाला त्यांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले, आणि तो काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा कधीच न वापरणाऱ्यांपेक्षा ते १७ टक्क्यांनी मागे पडले. शिक्षकांनी आखून दिलेले इशारे देणारा, उत्तर हातात न ठेवणारा चॅटबॉट ज्यांना मिळाला त्यांचं हे नुकसान जवळजवळ टळलं. म्हणून मुलाने सुरुवातीलाच असं लिहावं: ‘या धड्यावर मला एकेक प्रश्न विचार. उत्तर सांगू नकोस. चुकलो तर एकच इशारा दे.’ आणि चॅटबॉटने सांगितलेलं सूत्र किंवा आकडा पाठ्यपुस्तकाशी ताडून घ्यावा. तो चुकतोही मोठ्या ऐटीत.

आम्ही पावकी, निमकी, पाऊणकी छडीच्या धाकाने पाठ केली. आता सगळे म्हणतात, पाठांतर म्हणजे पोपटपंची, समजून घेणं महत्त्वाचं. मग नातवंडांना पाढे पाठ करायला लावू की नको?
निवृत्त शिक्षक, मालवण

लावा, गुरुजी. छडी तेवढी सोडा.

विचार करताना मेंदू ज्या छोट्या पाटीवर आकडेमोड करतो, तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. जॉर्ज मिलरने १९५६ साली तिच्यावर सातेक गोष्टी मावतात असं मांडलं होतं. नेल्सन कोवानने २००१ साली तो अंदाज चारच्या आसपास आणला. पाटी इतकी छोटी, तर तिच्यावर ‘सात आठे किती’ हे मोजत बसलं की मूळ उदाहरणाला जागा उरत नाही. पाढा पाठ असला की छप्पन्न हा एकच ठोकळा होऊन येतो.

तुमच्याच किनाऱ्यावर याचा चांगला दाखला आहे. भरतीची वेळ काढायची जुनी रीत अशी: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणून पूर्ण भरती तीनच्या सुमारास. षष्ठीला सहा पाऊण साडेचार. अष्टमीला सहा, आणि ती भांगाची भरती, पाणी बेताचंच चढणार. दुसरी भरती त्यानंतर साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी. यात पाठांतर आहे आणि समजही. भरती रोज सरासरी ५० मिनिटांनी (तिथी दिवसापेक्षा किंचित लहान, म्हणून तिथीमागे सुमारे ४८ मिनिटांनी) मागे पडते, कारण पृथ्वीची एक फेरी होईपर्यंत चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, म्हणून पंधरवड्याच्या शेवटी हिशेब पाऊण तासभर चुकतो आणि अमावास्या-पौर्णिमेला तो पुन्हा पहिल्यापासून धरावा लागतो. शिवाय मुंबईपासून दक्षिणेकडे याल तशी भरती थोडी आधी येते. मालवणात या रीतीने काढलेल्या वेळेतून काही वजा करावं लागतं. किती, ते नातवंडांना आठ दिवस छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून काढायला लावा. पाऊणकी इतकी घट्ट दुसऱ्या कशाने बसणार नाही.

क्रम असा ठेवा. आधी एका भाकरीचे चार तुकडे करून पाव, अर्धा, पाऊण हाताला कळू दे. मग म्हणणं: एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. चालीत पाठ झाल्यावर आडवंतिडवं विचारा, थेट ‘सात पाऊण?’ (सव्वापाच). चालीतच अडकलेल्या मुलाला प्रत्येक वेळी पहिल्यापासून म्हणत यावं लागतं. पाठांतराचा खरा दोष हा, आणि तो आडवं विचारल्याने जातो. पाऊणकी आणि दीडकी झाली की बाजारात पुरतं. औटकी (साडेतीनचा पाढा) हौस म्हणून.

आकड्यांच्या नावांबद्दलही दोन शब्द. ‘त्रेसष्ट’मध्ये तीन आधी ऐकू येतो, म्हणून मूल ३६ लिहितं. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतं, पण लिहायचे असतात दोन आणि नऊ. चिनी भाषेत ‘दोन-दहा-तीन’ अशी सरळ नावं असल्याने तिथल्या मुलांना दशक-एकक लवकर उमजतं. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. आमच्या मते दोन्ही हवं: पहिले काही महिने ‘साठ तीन, त्रेसष्ट’ असं जोडून म्हणावं, मग पहिला भाग गळू द्यावा. भाषाही राहते आणि आकडाही उलटा पडत नाही.

जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. मुलं घरी मालवणी बोलतात. पुस्तकातली मराठी वाचताना अडखळतात. वर्गात मालवणी बोलू द्यावी का?
शिक्षिका, कुडाळ तालुका

बाई, अवश्य. नवी कल्पना आणि नवा शब्द एकाच वेळी दिले तर ती छोटी पाटी दुप्पट भरते. कल्पना घरच्या बोलीत द्या, ती कळली की पुस्तकातला शब्द द्या. मूल म्हणालं, ‘आवशीन माका बाजारात धाडल्यान’, तर त्याला थांबवून सुधारू नका. ‘अच्छा, आईने तुला बाजारात पाठवलं!’ असं आपल्या तोंडून म्हणा आणि बोलणं पुढे न्या. फळ्यावर दोन रकाने करून माका–मला, खंय–कुठे, चेडू–मुलगी अशा जोड्या मुलांकडूनच भरून घ्या, रोज पाचच. ही बोली ‘अशुद्ध’ आहे, असं एकदा ऐकलेलं मूल वर्गात तोंड उघडत नाही, आणि जे मूल बोलत नाही त्याला काय कळलंय हे तुम्हाला कळायला मार्ग नाही.

वाचनातली अडखळ मात्र बोलीमुळेच असेल असं नाही. पहिली वेलांटी बघा. ‘कि’मध्ये ती क-च्या आधी लिहितात, उच्चार नंतर होतो. मोठ्यांनाही अशा शब्दांना किंचित जास्त वेळ लागतो. त्यासाठी अक्षरपट्ट्या करा, वेलांटीची पट्टी वेगळी. मुलाने आधी क ठेवायचा, आवाज काढायचा, मग वेलांटी आणून डाव्या बाजूला चिकटवायची. आठवडाभर पहिली वेलांटीच, दुसरी त्यानंतर. दोन्ही एकत्र शिकवल्या की गोंधळ वर्षभर टिकतो.

तालुक्याच्या गावी ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’चं शिबिर आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं वाचतात म्हणे. शिवाय ‘तुमचं मूल व्हिज्युअल लर्नर आहे का’ तेही तपासून देतात. पैसे भरावेत का?
एक पालक, चिपळूण

भरू नका. मध्यमेंदू जन्मापासून चालूच असतो. तो बंद असता तर मूल जागंच राहिलं नसतं. पट्टी बांधल्यावर नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते, मुलं तिथून बघतात. खात्री करायची तर पोहण्याचा चष्मा आतून काळा कागद लावून घाला, किंवा मजकूर कपाळाच्या वर धरा. वाचन लगेच थांबतं. अशा शिबिरांत वाईट हे की लबाडी करून टाळ्या मिळवायला मूल शिकतं.

‘व्हिज्युअल’ (बघून शिकणारं), ‘ऑडिटरी’ (ऐकून शिकणारं) या शिक्क्यांचंही तसंच. २००८ साली चार मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधन चाळलं, त्या शिक्क्याप्रमाणे शिकवल्याने जास्त येतं याला पुरेसा पुरावा सापडला नाही. रीत विषयावर ठरते: नकाशा बघून, उच्चार ऐकून, सुतारकाम हाताने.

वय ५४. डबलबारीचा (दोन बुवांच्या भजनी सामन्याचा) नाद आहे, आता स्वतः पेटी शिकायची आहे. या वयात बोटं वळतील का? रोज किती वेळ बसावं?
भजनप्रेमी, सावंतवाडी

वळतील, सावकाश. जर्मनीत साठीच्या आसपासच्या लोकांना तीन महिने तीन चेंडू आळीपाळीने उडवून झेलायला शिकवलं, त्याचा अहवाल २००८ साली आला. तरुणांइतकी सफाई आली नाही, पण ज्यांना जमलं त्यांच्या मेंदूच्या चित्रांत फरक दिसला.

एकदम तासभर बसण्यापेक्षा वीस मिनिटं सकाळी आणि वीस रात्री झोपण्यापूर्वी बसा. बोटांची सवय झोपेतही घट्ट होत असते, त्यामुळे रात्री अडखळलेली जागा सकाळी थोडी सुटलेली सापडते. फोनवर ठेका लावा, मिनिटाला ६० ठोके, त्याहून जलद नाही. भाता सारखा चालला पाहिजे; नवशिके अवघड जागी भाता थांबवतात आणि सूर गुदमरतो. तीन अलंकार (सुरांचे ठरावीक पलटे) घ्या आणि एकच दहा वेळा न वाजवता आलटूनपालटून वाजवा. ऐकायला ते वाईट वाटतं, टिकतं मात्र चांगलं.

अभंगाची चाल बसवताना दर वेळी पहिल्या ओळीपासून सुरू करू नका. तसं केलं की सुरुवात शंभर वेळा होते आणि अंतरा दहाच वेळा. जिथे बोट अडतं त्याच्या दोन सूर आधीपासून दोन सूर पुढेपर्यंतचा तुकडा काढा, तो पाच वेळा बिनचूक आला की मगच ठोके ६०चे ६६ करा. आठवड्यातून एकदा फोनवर स्वतःचं रेकॉर्डिंग करा आणि ते दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवताना कान बोटांच्या मागे असतात, तेव्हा चूक ऐकू येत नाही.