मुलांवरचा प्रबंध: विद्यार्थ्यांची प्रश्नोत्तरे

प्रश्न: क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल. प्रबंधासाठी एसडीक्यू ही मुलांच्या भावना-वर्तनातल्या अडचणी तपासणारी प्रश्नावली वापरायची आहे. पंचवीसच वाक्यं आहेत. मराठी भाषांतर मीच केलं तर?

उत्तर: नको. या प्रश्नावलीचे हक्क राखीव आहेत. परवानगीशिवाय भाषांतर तर सोडाच, शब्दही बदलता येत नाही. पण खरी अडचण पुढे आहे. शिकत असताना दुसऱ्या एका प्रश्नावलीत मी 'रेस्टलेस'साठी 'अस्वस्थ' लिहिलं होतं. एक आई म्हणाली, "नाही हो, ताप कालच उतरला." मला विचारायचं होतं, पोरगा एका जागी टिकतो का, की सारखी चुळबूळ? तिला वाटलं, मी तब्येत विचारतेय. गंमत म्हणजे उलट भाषांतरात, म्हणजे मराठीवरून परत इंग्रजी करताना, 'अस्वस्थ'चं पुन्हा 'रेस्टलेस'च झालं होतं, म्हणजे कागदावर सगळं आलबेल. तेव्हा परवानगी मिळाली तरी आठ-दहा आयांना वाक्यं वाचून दाखवा आणि "यातून काय समजलं?" असं विचारा. हे काम कंटाळवाणं आहे, आणि मला विचाराल तर प्रबंधातलं सर्वांत शिकवणारंही हेच.

प्रश्न: आईने संमतीपत्रावर सही केली, पण नऊ वर्षांचा मुलगा बोलेना. गाईड म्हणतात, समजूत काढ, नमुना कमी पडेल.

उत्तर: आईची सही हा मुलाचा होकार नव्हे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात ते बारा वयात मुलाचा तोंडी होकार लागतो, बारा ते अठरामध्ये लेखी. पालकांची संमती शिवाय हवीच. आपल्याकडची मुलं मॅडमना तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. खोडरबर कुरतडतात, दाराकडे बघतात, तीन प्रश्नांना 'माहीत नाही' म्हणतात. तोच नकार. आई "अरे, सांग ना!" म्हणून कोपर मारत असली तरी वही मिटा. किती मुलांनी नकार दिला तो आकडा प्रबंधात द्या. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

प्रश्न: मुलाखतीत एखाद्या मुलीने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर? संमतीपत्रात गोपनीयतेची हमी दिली आहे.

उत्तर: मग ते संमतीपत्र आजच बदला आणि नैतिकता समितीकडून पुन्हा मंजूर करून घ्या. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशी माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, संशोधकालाही. मुलीला सुरुवातीलाच तिच्या भाषेत सांगा: "तुला कुणी त्रास देत असेल, तर ते मला मोठ्या माणसांना सांगावं लागेल." असा प्रसंग आला तर एकटीने निस्तरू नका, त्याच दिवशी गाईडला गाठा.

प्रश्न: मिसिक या मुलांच्या बुद्धिमत्ता चाचणीचे निकष जुने आहेत. परीक्षक अडवतील का?

उत्तर: अडवायलाच हवं. डॉ. मालिन यांनी नागपुरात ती बेतली १९६९ मध्ये. तेव्हाची शाळकरी मुलं आता आजी-आजोबा असतील. आजच्या मुलाचा बुद्ध्यंक त्या निकषांवर फुगून दिसू शकतो. एकाच वेळी तपासलेल्या दोन गटांची तुलना करणार असाल तर वापरा, आणि मर्यादा स्वतःच लिहून टाका.