‘बर्ड’चे मूळ आणि ‘फाउल’चा अर्थ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीविषयी मला जी पत्रे येतात, त्यांत ‘बर्ड’ या साध्या शब्दाबद्दलची विचारणा वारंवार असते आणि तिच्या मुळाशी बहुतेक वेळा व्हॉट्सअॅपवरून फिरणारी तीच ती विधाने असतात. त्यांपैकी काही प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : ‘बर्ड’ हा शब्द मूळचा इंग्रजीच आहे का? त्याचा जुना अर्थ वेगळा होता, असे वाचनात आले.

उत्तर : शब्द इंग्रजीच आहे आणि त्याचा अर्थ खरोखरच वेगळा होता. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारणपणे इ. स. 1150 पूर्वीच्या भाषेत, त्याचे रूप ‘ब्रिड्’ असे होते आणि तो ‘पक्ष्याचे पिल्लू’ या अर्थाने वापरला जाई. बाळ येशूला मंदिरात नेल्यावर पारव्याची दोन पिले अर्पण करण्याचा जो उल्लेख लूकच्या शुभवर्तमानात आहे, तेथे जुन्या इंग्रजी भाषांतरात हाच शब्द आहे. सर्वसामान्य पक्ष्यासाठी त्या काळी ‘फुगोल’ हा शब्द होता. जर्मन ‘फोगल’ आणि डॅनिश ‘फुग्ल’ हे त्याचे सख्खे भाऊबंद आजही ‘पक्षी’ याच अर्थाने वापरात आहेत. इंग्रजीत मात्र ‘फुगोल’चा ‘फाउल’ झाला आणि तो आक्रसत कोंबड्या-बदकांपुरता उरला, तर ‘ब्रिड्’ पिल्लावरून पसरत सगळ्या पक्षिजातीवर गेला. ‘ब्रिड्’चे ‘बर्ड’ होणे हा वर्णविपर्यय आहे. आपल्याकडे बोलताना ‘नुकसान’चे ‘नुसकान’ होते, तसाच तेथे ‘र’ स्वराच्या पुढे सरकला. त्याच भाषेत ‘थ्रिद्द’चे ‘थर्ड’ झाले, तेही याच रीतीने.

प्रश्न : कबड्डी-कॅरममधला ‘फाउल’ आणि कोंबडीवाचक ‘फाउल’ एकच का?

उत्तर : नाही. देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात आणि उच्चारही सारखाच आहे. पण खेळातला शब्द ‘घाण, कुजलेले’ या अर्थाच्या वेगळ्या धातूवरून आला आहे. त्याचे दूरचे नाते संस्कृत ‘पूति’शी आणि जखमेत होणाऱ्या आपल्या ‘पू’शी आहे, कोंबडीशी नाही.

प्रश्न : आमच्या गटावर असा संदेश आला आहे की ‘बर्ड’ हा शब्द ‘भारद्वाज’ या पक्षिनामावरून इंग्रजांनी उचलला. दोन्ही शब्दांत भ, र, द आहेतच. मग हे मान्य करायला अडचण काय?

उत्तर : अडचण मोठी आहे आणि ती सविस्तर सांगायला हवी, कारण हा संदेश मला वेगवेगळ्या गावांहून येत असतो आणि तो पाठवणाऱ्यांपैकी कोणीही एखादा कोश उघडून पाहिल्याचे दिसत नाही.

कानाला सारखे वाटणे हा व्युत्पत्तिशास्त्रात पुरावा नसतो. विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे, असे प्रतिपादन केले आणि त्याच मुळाशी जर्मानिक भाषांचाही, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच ज्या कुळातल्या आहेत त्या भाषांचाही, संबंध जोडला. पुढे 1822 मध्ये याकोब ग्रिम यांनी जर्मानिक भाषांतील व्यंजने कोणत्या नियमाने बदलली, हे मांडले. तेव्हापासून दोन शब्दांचे नाते सांगायचे, तर त्या नियमांची साखळी दाखवावी लागते. संस्कृत ‘प’च्या जागी इंग्रजीत ‘फ’ येतो, म्हणून ‘पितृ’ आणि ‘फादर’, ‘पाद’ आणि ‘फूट’ या जोड्या सिद्ध होतात. संस्कृत ‘भ’च्या जागी इंग्रजीत ‘ब’ येतो, म्हणून ‘भ्रातृ’ आणि ‘ब्रदर’. संदेशातला पहिला वर्ण या नियमात बसतो आणि तेवढ्यावर वाचक फसतो. पण पुढे काय? ‘भारद्वाज’ हा ‘भरद्वाज’ या ऋषिनामावरून साधलेला शब्द आहे आणि ‘भरद्वाज’मध्ये ‘भरत्’ व ‘वाज’ अशी दोन पदे आहेत. तेथे दिसणारा ‘द्’ संधीमुळे आलेला आहे. ज्या ‘भृ’ धातूपासून ‘भरत्’ होते, त्याचा इंग्रजीतला खरा नातेवाईक ‘वाहून नेणे’ या अर्थाचे ‘बेअर’ हे क्रियापद आहे. ते नाते निर्विवाद आहे, पण त्याचा पक्ष्याशी काही संबंध नाही.

दुसरी गोष्ट काळाची आहे. इंग्रज भारतात व्यापाराला आले ते सतराव्या शतकात आणि ‘ब्रिड्’ हा शब्द इंग्लंडातल्या हस्तलिखितांत दहाव्या शतकातच आहे. उसना घेतलेला शब्द घेणाऱ्याच्या हाती आधीच सहाशे वर्षे कसा असेल? तो उसना नसून समान पूर्वजाकडून आला, असे कोणी म्हणेल, तर त्याचे सगोत्र शब्द जर्मन, डच, गॉथिक या बहिणींकडे सापडायला हवेत. ते सापडत नाहीत. ‘ब्रिड्’ फक्त इंग्रजीतच आढळतो आणि त्याच्या मागचे मूळ अज्ञात आहे. कोशकारांनी तसे स्पष्ट लिहून ठेवले आहे. ‘ब्रूड’ किंवा ‘ब्रीड’ या पिलांशी निगडित शब्दांकडेही ते त्याचा धागा नेत नाहीत, कारण स्वरांचे नियम जुळत नाहीत. अज्ञाताची जागा ऐकीव गोष्टीने भरून काढणे हे संस्कृतच्या गौरवाचे काम नव्हे. गौरवच हवा असेल, तर पिसाला इंग्रजीत ‘फेदर’ म्हणतात, त्याकडे पाहावे. तो शब्द आणि पंख या अर्थाचा संस्कृत ‘पत्र’ हे दोन्ही ‘उडणे’ या अर्थाच्या एकाच प्राचीन धातूचे आहेत आणि आपला ‘पतंग’ही त्याच धातूचा आहे. हे नाते प्रत्येक वर्णाच्या कसोटीवर उतरलेले आहे. असा संदेश पुन्हा आला, तर तो पुढे पाठवण्यापूर्वी आपल्या गावच्या महाविद्यालयातील भाषाविज्ञानाच्या किंवा संस्कृतच्या प्राध्यापकांना दाखवावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : आमच्या अंडी उबवणी केंद्राला नाव सुचवणाऱ्या एका सल्लागाराने ‘ब्रिड’ हे नाव दिले असून ‘प्राचीन इंग्रजीत तेजस्वी, दैवी पक्षी’ असा त्याचा अर्थ सांगितला आहे. शब्दार्थाच्या प्रमाणपत्रासाठी तो वेगळे शुल्क मागतो. द्यावे का?

उत्तर : अजिबात देऊ नये. शब्दार्थाला प्रमाणपत्र लागत नाही आणि असे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार कोणाकडेही नाही. जुन्या इंग्रजीत ‘ब्रिड्’चा अर्थ पिल्लू एवढाच आहे. तेज आणि देवत्व ही बहुधा आयर्लंडमधील ब्रिजिड या देवीच्या व संत स्त्रीच्या नावावरून उचललेली आहेत. तिच्या नावाचे आयरिश रूप ‘ब्रीड’ असे आहे. दोन वेगळ्या भाषांतील दोन वेगळे शब्द एकत्र करून त्यांची किंमत लावणे हा व्यापार झाला. उबवणी केंद्राला पिल्लू या अर्थाचे नाव शोभेलही, परंतु ते नक्की करण्यापूर्वी व्यापारचिन्हांच्या कायद्याचा जाणकार वकील गाठावा.

प्रश्न : 1415 च्या अझांकूरच्या लढाईत फ्रेंचांनी इंग्रज तिरंदाजांची बोटे तोडण्याची धमकी दिली आणि त्यातून मधले बोट दाखवण्याला ‘बर्ड’ हे नाव पडले, हे खरे आहे का?

उत्तर : खोटे आहे. ते बोट अश्लील समजण्याची रीत रोमन लेखकांना माहीत होती, म्हणजे ती त्या लढाईहून हजाराहून अधिक वर्षे जुनी आहे. ‘बर्ड देणे’ हा प्रयोग इंग्लंडच्या रंगभूमीवरचा. न आवडलेल्या नटावर प्रेक्षक हंसासारखा फूत्कार करीत, त्यावरून तो एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. बोटाशी तो नंतर जोडला गेला.

प्रश्न : ब्रिटनमध्ये तुरुंगवासाला ‘बर्ड’ का म्हणतात? पिंजऱ्यावरून का?

उत्तर : नाही. पक्षी पकडण्याच्या चिकट पदार्थाला ‘बर्डलाइम’ म्हणतात. लंडनच्या यमक जुळवणाऱ्या बोलीत ‘टाइम’ऐवजी तो शब्द वापरला गेला आणि पुढे त्याचा पूर्वार्धच उरला.

प्रश्न : मी इंग्रजीच्या एम. ए.ला आहे. ‘फाउल’ आणि ‘बर्ड’ यांची अदलाबदल नेमकी कोणत्या वर्षी झाली? प्रबंधिका येत्या आठवड्यात द्यायची आहे.

उत्तर : असे वर्ष नाही आणि आठवड्यापूर्वी विचारण्याचा हा प्रश्नही नव्हे. हे स्थित्यंतर काही शतके चालले. चौदाव्या शतकात चॉसरच्या काव्यात पहाटे गाणारी लहान पाखरे ‘फाउल’च आहेत आणि 1611 च्या बायबल भाषांतरात आकाशातील पाखरांसाठीही तोच शब्द आहे, या सगळ्या काळात ‘बर्ड’ही मोठ्या पक्ष्यांसाठी वापरला जाऊ लागला होता. एखाद्या संकेतस्थळावर दिलेले एकच साल उद्धृत केल्यास परीक्षक ते खोडतील आणि ते योग्यच होईल. विद्यापीठाच्या ग्रंथालयात ऑक्सफर्डचा ऐतिहासिक कोश मिळतो का, ते आजच विचारा. दोन्ही नोंदींतील अवतरणे कालक्रमाने उतरवून घ्या, म्हणजे कोणता अर्थ केव्हा दिसतो आणि केव्हा विरळ होतो, हे तुम्हालाच कळेल. जुन्या इंग्रजीसाठी बॉसवर्थ आणि टॉलर यांचा कोश महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहे. टिपणे घेऊन मार्गदर्शकांना भेटा आणि काम अपुरे वाटले, तर विषयाची व्याप्ती कमी करण्याची किंवा मुदतवाढीची परवानगी त्यांच्याकडून लेखी घ्या.