डॉबरमनचे कान कापावेत का?

प्रश्न : आम्ही दोन महिन्यांचं डॉबरमनचं पिल्लू आणलंय. विकणारा म्हणतो, ‘आत्ताच कान कापून घ्या, नाहीतर पावसाळ्यात कान वाहतील.’ काय करावं? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : कापू नका. दिसण्यापलीकडे याचा काहीच उपयोग नाही. पूर्ण भूल देऊन कानाची पाळी कूर्चेसकट कापतात, मग टाके, आणि नंतर कित्येक आठवडे, कधी काही महिने, कान टेपने ताठ बांधून ठेवायचे. दर पाच-सात दिवसांनी टेप बदलावा लागतो. मुंबईच्या दमट हवेत त्याखाली ओल धरते, जखम चिघळते. व्रण आकसला की कान वाकडाच राहतो. एवढं करून तो उभा राहीलच, याचीही खात्री नाही. ज्या जर्मनीत ही जात घडली, तिथेच 1987 पासून यावर बंदी आहे. आपल्याकडे 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहेच.

कान वाहण्याची भीती खरी मानली तरी इलाज साधा आहे. आठवड्यातून एकदा पाळी उलटून बघा. आतून फिकट गुलाबी आणि बिनवासाचा असेल तर हात लावू नका. मळ दिसला तर डॉक्टरांनी दिलेलं इयर क्लीनर घाला, कानाच्या बुडाशी अर्धा मिनिट चोळा (चुबुक-चुबुक आवाज यायला हवा), पिल्लाला डोकं झटकू द्या, मग वर आलेला मळ कापसाने टिपा. कानकोरणं किंवा बड आत घालू नका, मळ खोल ढकलला जातो. पावसात फिरवून आणल्यावर कान पुसून कोरडे करा. आंबूस वास, तपकिरी मळ किंवा सारखं डोकं झटकणं दिसलं तर घरगुती तेल न घालता थेट डॉक्टर गाठा.