फोगी नव्हे, बोगी

'क्वीन या ब्रिटिश रॉक बँडमध्ये जॉन डीकनच्या आधी बास गिटार कोण वाजवायचं ते वर्षभर शोधतोय, पण नावापलीकडे काही मिळत नाही.' तुमचं हे वाक्य वाचून हसू आलं आणि पोटात गोळाही आला. सात-आठ वर्षांपूर्वी माझं अगदी हेच चाललं होतं. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, त्याची पाचगणीची शाळा, तिथला हेक्टिक्स हा त्याचा बँड वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडून देतो.

डीकनच्या आधी एक नाही, तिघे होऊन गेले. १९७०च्या उन्हाळ्यात माइक ग्रोस, त्या ऑगस्टपासून जानेवारी १९७१पर्यंत बॅरी मिचेल आणि मग फेब्रुवारीत फक्त दोन कार्यक्रमांपुरता डग बोगी. पहिला अल्बम थेट १९७३चा, त्यामुळे तिघांपैकी कोणीच त्यावर नाही.

मी बोगीच्या मागे लागलो होतो. फरक एवढाच की मी 'फोगी' शोधत होतो! जुन्या पुस्तकांत त्याचं नाव तसंच छापलंय. मी तीन पुस्तकं पाहिली, तिन्हींत फोगी. म्हटलं, तीन साक्षीदार मिळाले, आता काय शंका? एकाने चूक केली आणि पुढच्यांनी ती उतरवून घेतली, हे डोक्यातच आलं नाही. चौदा महिने त्यात गेले.

त्यातले चार महिने इंग्लंडमधल्या एका अभिलेखागाराच्या नावावर. फॉर्म भरला, पौंडात फी भरली. फॉर्मवर नाव, हॉल, तारीख सगळं लिहिलं होतं. उत्तर आलं, 'या नावाची नोंद आढळली नाही.' अहो, तारीख दिली होती ना, त्या आठवड्याचं स्थानिक वर्तमानपत्र उघडून बघायला काय जात होतं? पुन्हा विचारलं, तर पुन्हा फी. आपल्याकडच्या कचेऱ्यांना उगाच नावं ठेवतो आपण. पण खरं सांगायचं तर मीच त्यांना चुकीचं नाव देऊन बसलो होतो. पुढे एका जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्याने सहज सांगितलं, 'फोगी नाही हो, बोगी. तुमच्या रेल्वेला असते ती.'

म्हणून माझं मत (मी हौशी माणूस, अभ्यासक नाही, पटलं तर घ्या): नावावरून शोधूच नका. हॉल आणि तारीख धरा. नावात बँडचं नावही आलं. १९७०च्या ब्रिटिश वर्तमानपत्रांच्या स्कॅनमध्ये 'क्वीन' टाकलंत तर महाराणी, सौंदर्यस्पर्धा आणि जहाजं यांच्याखाली गाडले जाल. शिवाय २७ जून १९७०चा इंग्लंडमधल्या ट्रुरो गावच्या सिटी हॉलमधला पहिला कार्यक्रम जाहीर झाला होता तो 'स्माइल' या जुन्या नावाने. म्हणजे क्वीनचा पहिला कार्यक्रम 'क्वीन' शोधून सापडणारच नाही! मेलडी मेकरसारख्या ब्रिटिश संगीत साप्ताहिकांतल्या कार्यक्रमांच्या याद्या जरूर चाळा, पण मुख्य बँडच्या आधी वाजवणाऱ्यांची नावं त्यात बरेचदा नसतात. तिथे नाव नाही म्हणजे ते वाजवलेच नाहीत, असा अर्थ काढू नका.

आणखी एक. बोगी स्टेजवर फार उड्या मारायचा म्हणून त्याला काढला, ही गोष्ट तुम्हाला जागोजागी मिळेल. ती बँडची बाजू. दोन कार्यक्रमांच्या माणसाला आपली बाजू मांडायला पन्नास वर्षांत कितीशी संधी मिळणार? तेवढं मनात ठेवून लिहा. आणि कृपा करून अशा लोकांच्या मुलानातवंडांना फेसबुकवर गाठू नका. मी एकदा गाठलं होतं, अजून लाज वाटते.

मिचेलचं काही हाती लागलं तर मात्र इथे नक्की टाका. मी त्याच्याकडे अजून वळलोच नाहीये, फोगीनेच दमवलं.