वाटा लिहून घे

बाळा,

कोडिंगचा सहा महिन्यांचा क्लास लावतोयस असं कळलं. कशासाठी? पुण्यातल्या तुझ्या दोन भागीदारांनी ‘तू नेमकं करतोस काय’ असं विचारलं म्हणून? फी भरली नसशील तर भरू नकोस.

तू काय करतोस ते मी सांगतो. त्यांनी आडत्यांसाठी ॲप केलं, त्यात पहिल्याच पानावर सोयाबीनचे भाव. लातूरच्या मोंढ्यात बसणाऱ्याला भाव मोबाईलमध्ये कशाला बघायचेत? सौदा त्याच्या डोळ्यांपुढे निघतो. तू मुनिमांशेजारी बसून राहिलास, तेव्हा कळलं की शेतकऱ्याची पट्टी लगेच चुकती करावी लागते आणि खरेदीदाराचे पैसे मागाहून येतात. खरा घोर त्या मधल्या दिवसांचा. उधारीचं पान तिथून आलं. सोयाबीनमधल्या ओलाव्याच्या मर्यादेचंही तेच. त्यांनी १२ टक्के हा आकडा कायमचा बसवून टाकला होता. २०२४ च्या हंगामात केंद्राने हमीभाव खरेदीसाठी १५ टक्क्यांपर्यंत मुभा दिली, तेव्हा ‘हा आकडा बदलता ठेवा’ म्हणून त्यांच्या मागे लागलास तो तूच. आणि चार आडत्यांनी आगाऊ पैसे दिले ते तुझ्या तोंडाकडे बघून. ज्याच्या शब्दावर गिऱ्हाईक पैसे मोजतं, तो संस्थापकच. वाटा लिहून घे.

ॲपलचं उदाहरण ते देत असतील तर पुरतं द्यायला सांग. १९७६ साली यंत्र वॉझनियाकने बनवलं, खरंय. पण विकायचे ठरले होते नुसते सर्किट बोर्ड. जॉब्स ‘बाइट शॉप’ या कॉम्प्युटरच्या दुकानात गेला आणि दुकानदार म्हणाला, जोडून तयार असतील तर ५० घेतो, एकेकाचे ५०० डॉलर. काय विकायचं ते त्या दुकानात ठरलं.

मात्र हेही ऐक. नुसती कल्पना घेऊन येणारे आणि कार्डावर ‘सीईओ’ छापणारे मी संभाजीनगरात पुष्कळ पाहिलेत. त्यांना दहा टक्केसुद्धा जास्त. दिवाळीच्या तोंडावर मोंढा भरलेला असताना तू पुण्यात प्रेझेंटेशन करत बसलास, तर मी त्यांच्या बाजूने बोलेन. नवं औषध किंवा चिप करणाऱ्या कंपनीत कितीतरी वर्षं विकायलाच काही नसतं, तिथली गोष्ट निराळी. तुमचं तसं नाही.

जालन्यात बियाण्यांच्या दुकानदारांना मी बिलिंगचं सॉफ्टवेअर विकत होतो तेव्हा भागीदार अगदी घरोब्यातला. तरी वाटा बॉण्डवर लिहून मागितला. लोक लोभी म्हणाले, त्याच्या आईने बोलणं टाकलं. आजही मी तेच करेन. पुढे आमचं फाटलं तेव्हा त्याच कागदामुळे दोघांना आपापलं मिळालं, कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. त्या माउलीशी मात्र पुन्हा बोलणं झालं नाही. ती आता नाही. हे सलतं, तरी कागद बरोबरच होता.

म्हणून सांगतो, लिहून घे. तिघांचा सारखा वाटा माग, लाजू नकोस. पगार तूही घेत नाहीस. एकदम नको, चार वर्षांत थोडाथोडा नावावर होऊ दे, आणि पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत जो सोडेल त्याला काही नाही. हा नियम कोड लिहिणाऱ्यांनाही लागू. ते कुरकुरले तर कुरकुरू दे.

मसुदा सीएला दाखव आणि सही करण्याआधी मला पाठव. दसऱ्याच्या आत. एकदा आवक सुरू झाली की तुला मोंढ्यातून हलता येणार नाही.

तुझा,
काका