उद्यमबाग-शिनोळी एक सर्व्हर: आधी इंटरनेटची लाइन बघा, खोकं नंतर

तुमची पोस्ट वाचली आणि वाटलं, ही तर आमचीच कुंडली. बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉप, सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या शिनोळीत दुसरं युनिट, आणि एक सर्व्हर घेऊन अकाउंट्स, हजेरी, ड्रॉइंगच्या फायली असं सगळं वेगवेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (एकाच सर्व्हरवर चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरांत) टाकायचा तुमचा बेत. विक्रेत्याने दोन सर्व्हर आणि वर स्टोरेजचं कोटेशन दिलंय, ते बघून मालक गप्प झालेत. (मी कुणाचा डीलर नाही. आमच्याकडचं अकाउंट्स आणि कॉम्प्युटर दोन्ही माझ्याच गळ्यात आहे, म्हणून लिहितोय.)

रेड (अनेक डिस्क एकत्र जोडणं) म्हणजे बॅकअप नव्हे, यूपीएस ऑनलाइन प्रकारचा घ्या, हे तुम्हाला माहीत असणारच. सर्व्हरचं नंतर बघू. आज शिनोळीला गेलात की राउटरमध्ये लॉगिन करून वॅन आयपी, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे तुमच्यासारख्या अनेक ग्राहकांत मिळून एकच पब्लिक आयपी, आणि बाहेरून आत यायला वाटच नाही. मग राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड करा (बाहेरची जोडणी आतल्या मशीनकडे वळवा), पालथ्या घड्यावर पाणी.

आमचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच झालं. दोन्हीकडची लाइन एकाच कंपनीची, दोन्हीकडे स्टॅटिक आयपी (कायम न बदलणारा पब्लिक पत्ता) असं ऑर्डर फॉर्मवर लिहिलेलं. उद्यमबागेत मिळाला. शिनोळी मात्र पडली कंपनीच्या महाराष्ट्र सर्कलमध्ये. बेळगावच्या ऑफिसातल्या माणसाने मॉनिटर माझ्याकडे वळवून दाखवला: पिनकोडच्या रकान्यात शिनोळीचं ४१६ टाकलं की लाल अक्षरं, खालचं बटण दबतच नाही. "सर, आमच्याकडनं होत न्हाई, कोल्हापूरकडं बोला." कोल्हापूरवाले म्हणाले, तुमचं खातं २९ च्या, म्हणजे कर्नाटकच्या, जीएसटी नंबरवर आहे, रिक्वेस्ट बेळगावहूनच यायला पाहिजे. तक्रार नोंदवली की दुसऱ्या दिवशी मोबाइलवर मेसेज, 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे'. कसलं निवारण! स्टॅटिक आयपीचं भाडं तेवढं दर बिलात न चुकता यायचं. तोवर शिनोळीचा डेटा रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर, सीमेवरचं बाची गाव ओलांडून मोटरसायकलने. महिनाअखेरीला ई-इनव्हॉइस अडकले की मालकांची बोलणी कुणी खाल्ली ते सांगायला नको. आणि हो, यात कन्नड-मराठी काही नाही, खाली कुणी उगाच तिकडे नेऊ नका. काउंटरवरचा माणूस मराठीच बोलत होता, सिस्टीमच तशी होती.

म्हणून माझं ठाम मत: दोन्ही युनिट जोडायचं काम कुठल्याही ऑफिसच्या मेहेरबानीवर ठेवू नका. मुंबईच्या डेटा सेंटरमधला एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घ्या, त्यावर वायरगार्ड (इंटरनेटवरून सुरक्षित खासगी बोगदा करणारं व्हीपीएन सॉफ्टवेअर) टाका, आणि दोन्ही राउटरना तिथे बाहेर डायल करू द्या. बाहेर जाणारी जोडणी सीजीनॅट अडवत नाही. पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा नियमित संदेश) २५ सेकंद ठेवा, नाहीतर लाइन शांत राहिली की बोगदा मिटतो. पीपीपीओई लाइन (युजरनेम-पासवर्डने जोडली जाणारी) असेल तर वायरगार्डचा एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका तुकड्याचा (पॅकेटचा) कमाल आकार, १४२० वरून १४१२ वर आणा. पिंग जातंय, पण रिमोट डेस्कटॉप (दूरच्या कॉम्प्युटरचा पडदा आपल्याकडे उघडून काम करणं) काळा स्क्रीन दाखवून थिजतोय, असं झालं तर पहिला संशय एमटीयूवर घ्या.

दोन्हीकडे राउटरचा कारखान्यातून आलेला १९२.१६८.१ चाच पत्ता असणार, तो आधी बदला, नाहीतर पॅकेट कुठे जायचं हे कुणालाच कळणार नाही. आम्ही बेळगावला १०.२९ ने आणि शिनोळीला १०.२७ ने सुरू होणारा पत्ता दिला, जीएसटीतले राज्यांचेच आकडे. नवीन पोरगा आला तरी पत्ता बघून कुठलं मशीन ते सांगतो.

अकाउंट्सची फाइल बोगद्यातून शेअर करून उघडू नका, फार रडवते. शिनोळीवाल्यांनी रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरवर येऊनच काम करावं. पण पुढेमागे स्टॅटिक आयपी मिळाला तरी रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडं टाकू नका. रॅन्समवेअरवाले तेच शोधत फिरत असतात.

आता खोकं, म्हणजे सर्व्हर. दोन सर्व्हर आणि सॅन (कोटेशनमधलं ते वेगळं सामायिक स्टोरेज) तुमच्या आकाराला नको. एक बरा सर्व्हर, आणि एक साधं जुनं मशीन फक्त बॅकअपला, तेही वेगळ्या खोलीत. हायपरवायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) म्हणून मी प्रॉक्समॉक्स म्हणेन. व्हीएमवेअर ब्रॉडकॉमने २०२३ मध्ये घेतल्यावर २०२४ मध्ये त्यांचा फुकटचा हायपरवायझर ईएसएक्सआय बंद केला, २०२५ मध्ये परत आणला. असल्या धरसोडीवर मी तरी धंदा टांगणार नाही. ज्यांचं जमलंय त्यांनी रागावू नये. विंडोज सर्व्हर स्टँडर्डच्या एका लायसन्समध्ये दोन व्हर्च्युअल मशीन चालतात, पण किमान १६ कोअरचं लायसन्स घ्यावं लागतं. वापरणाऱ्यांची कॅल (सर्व्हर वापरायचा परवाना) वेगळी, रिमोट डेस्कटॉपची त्याहून वेगळी. कोटेशनमध्ये ही शेवटची ओळ बहुतेक नसतेच, विचारून घ्या. लायसन्सचा मी काही जाणकार नाही, लेखी घ्या. डिजिटल सहीचा टोकन यूएसबी पासथ्रूने (सर्व्हरचं पोर्ट थेट आत जोडून) व्हर्च्युअल मशीनला देता येतो. मात्र टोकन कोणत्या पोर्टला लावलाय ते चिठ्ठी चिकटवून ठेवा, साफसफाईत कुणीतरी हलवतंच.

शॉप फ्लोअर आणि ऑफिस यांच्यात तांब्याची केबल नको, अंतर शंभर मीटरच्या आत असलं तरी. फायबर टाका. मे महिन्यात वळीव कोसळला की वीज केबलमधून आत येते, आणि आधी स्विच, मग सर्व्हरचं नेटवर्क कार्ड घेऊन जाते. शेजारी फौंड्री असेल तर पंख्यावर बसणारी काळी पूड हाताला चोळून बघा, लोखंड असतं त्यात. ती वीज वाहते. सर्व्हरची खोली बंद ठेवा, एसीची फिल्टर जाळी दर पंधरवड्याला धुवा. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून तपासून घ्या, "हाय की अर्थिंग" एवढ्यावर जाऊ नका. सीसीटीव्ही आणि हजेरीचं मशीन वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच स्विचवरच्या अलग जाळ्यावर) ठेवा.

दुसरी लाइन घेताना कंपनी वेगळी आहे एवढ्यावर समाधान मानू नका. दोघांची फायबर एकाच खांबावरून येत असेल तर एकच जेसीबी दोन्ही तोडतो. बाहेर जाऊन खांब बघून या. जमलं तर कोटेशनमधले किमतीचे आकडे झाकून इथे टाका, कुठली ओळ कापता येईल ते सांगतो.