बेळगावात ७० हजारांत गेमिंग पीसी असेंबल करायचा आहे. ग्राफिक्स कार्ड कोणतं घेऊ, आणि पार्ट ऑनलाइन मागवू की इथल्याच दुकानातून घेऊ?

तुमच्या यादीत प्रोसेसर आहे, रॅम आहे, झगमगणारे पंखे सहा आहेत, आणि एसएमपीएससमोर, म्हणजे सगळ्या पार्टांना वीज देणाऱ्या डब्यासमोर, लिहिलंय, ‘कॅबिनेटसोबत येईल तो’. बाकीच्या यादीवर बोलायला दहा जण येतील. मी या तीन शब्दांसाठी लिहायला बसलोय.

मी वडगावचा. उद्यमबागेत सीएनसी प्रोग्रॅमिंग करतो. २०१५ च्या एप्रिलमध्ये जीटीए फाइव्ह पीसीवर आला तेव्हा नोकरी लागून वर्ष झालं होतं, हातात नऊ हजार पडायचे. तोवर आमचं गेमिंग म्हणजे आरपीडी क्रॉसजवळच्या कॅफेत तासाला वीस रुपये मोजून काउंटर स्ट्राइक. त्यात चांगल्या माऊसची सीट मिळवायला कॉलेजचा शेवटचा तास सोडायचा. स्वतःचा पीसी हवा हे तेव्हापासून डोक्यात होतं.

दादा बेंगळूरला आयटीत. म्हणाला, “तिथं कशाला घेतोस, एसपी रोडवर सगळं स्वस्त मिळतंय, मी घेऊन येतो की.” आणि खरंच राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर कॅबिनेट चादरीत गुंडाळून, पायाशी धरून आणला. आय-फाइव्ह ४४६०, आठ जीबी रॅम, जीटीएक्स ९६० दोन जीबी. कार्ड सोळा हजारांचं, म्हणजे माझा जवळजवळ दोन महिन्यांचा पगार. कॅबिनेट अठराशेचा, आणि आत ‘४५० वॅट’चा एसएमपीएस फुकट. या फुकटचं दादाला केवढं कौतुक! मी एकदा विचारलं होतं की हा चालेल का. “डबाच की तो,” म्हणाला, “करंट देतंय म्हणजे झालं.”

त्या डब्याला कार्डाची सहा पिनांची वायर नव्हती. कार्डाच्या खोक्यात दोन मोलेक्सवरून (हार्डडिस्कसाठीचे जुने चार पिनांचे प्लग) सहा पिन करायची जोडवायर आलेली, ती लावली. आता कळतं, एसएमपीएसला सहा पिनांची वायर नाही म्हणजे तो हात जोडून सांगतोय की हे काम माझं नव्हे. पण तेव्हा गेम चालत होता, लॉस सँटोसमध्ये ऊन पडत होतं, कोण ऐकतंय.

वर्षभर चालला. मग २०१६ च्या जूनमध्ये, मृगाचा पाऊस नुकता धरलेला, रात्री नऊचा सुमार. आमच्या गल्लीत तेव्हाही माग पुष्कळ होते. ज्यांनी पॉवरलूमच्या शेजारी दिवस काढलेत त्यांना सांगायला नको, पण सांगतो: मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. लाईट जाऊन आली की गल्लीतले सगळे माग पाठोपाठ सुरू होतात, आणि घरातला बल्ब आधी मान टाकतो, मग एकदम उसळतो. त्या रात्री लाईट तीनदा गेली, तीनदा आली. दोनदा पीसी बंद पडून मी परत चालू केला. शहाणा असतो तर प्लग काढून जेवायला बसलो असतो. तिसऱ्यांदा लाईट आली, मी बटण दाबलं, पंखे फिरले, आणि ‘फट्ट’. मागच्या जाळीतून एक निळी ठिणगी आणि मग तो वास. आई स्वयंपाकघरातून ओरडली, “कुकर फुटला काय रे?”

एसएमपीएस गेला ते गेलाच, जाताना मदरबोर्ड आणि कार्ड घेऊन गेला. प्रोसेसर आणि हार्डडिस्क वाचले. कार्ड वॉरंटीत होतं, पाठवलं, महिनाभरानं तसंच परत आलं: जळल्याची खूण आहे, वॉरंटी लागू नाही. खूण होतीच, खोटं कशाला बोलू.

मग मी तो डबा उघडला. (तुम्ही उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात.) आत बघतो तर जिथं येणाऱ्या लाइटीचा कचरा गाळणारी कॉइल असायला पाहिजे, तिथं बोर्डावर कॉइलचं चित्र छापलेलं आणि चित्रावर नुसता तारेचा तुकडा डाकलेला. फ्यूजशेजारी उसळी अंगावर घेणारी एमओव्हीची चकती असते, तिचीही रिकामी जागा. आणि स्टिकर नीट वाचला तो आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी. वर ठळक अक्षरांत ४५०, खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. माझा प्रोसेसर ८४ चा, कार्ड १२० चं. २०४ तिथंच झाले, त्यात पंखे आणि हार्डडिस्क धरलेच नाहीत. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जवळजवळ सगळं त्या १२ व्होल्टवरच जगतात. ४५० हा आकडा म्हणजे लग्नपत्रिकेतल्या ‘सहकुटुंब सहपरिवार’सारखा, छापायचा म्हणून छापलेला.

तो डबा अजून माळ्यावर आहे. टाकला नाही, कारण दादाशी भांडण अजून मिटलेलं नाही.

दादाचं म्हणणं, “तुला सांगितलो होतो स्टॅबिलायझर घे म्हणून. बेळगावची लाईट, त्यात मागांची गल्ली, एसएमपीएस काय करणार?” माझं म्हणणं, तू फुकटचा आणलास म्हणून. दर गणपतीला तो घरी येतो, दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली की हा विषय निघतो. वहिनी आता उठून दुसऱ्या खोलीत जातात. तेव्हा तुमच्या निमित्तानं स्टॅबिलायझरचं एकदा सांगून टाकतो.

चांगल्या एसएमपीएसच्या स्टिकरवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. त्यात अॅक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं, ते लाईट १८० ला उतरली तरी आतला दाब सांभाळून घेतं. त्याच्यापुढं साधा रिलेचा स्टॅबिलायझर लावणं म्हणजे पोहणाऱ्याला टायर देणं. उलट तो स्टॅबिलायझर टक् टक् करत टॅप बदलतो तेव्हा क्षणभर लाईट तोडतो. मागच्या बाजूला ११५/२३० चा लाल खटका असेल तर समजा की बहुधा आत पीएफसी नाही, आणि तो डबा दुकानातच ठेवा. (एका भाच्यानं तो खटका सहज ११५ वर केल्याची गोष्ट आमच्या कंपनीत एकजण सांगतो. पीसी चालू केल्यावर काय झालं ते विचारू नका.)

‘८० प्लस ब्राँझ’ बघून घ्या, पण त्याचा अर्थ समजून घ्या. ती खूण फक्त लाईट वाया किती जाते ते सांगते. संरक्षण आहे की नाही हे ती सांगत नाही. सोयीची एवढ्यासाठी की ही परीक्षा पास व्हायला आत थोडातरी माल भरावा लागतो. तरी १२ व्होल्टचा रकाना वाचायचाच. ५५० वॅटच्या प्रामाणिक डब्यावर तिथं ४० अँपिअरच्या वरचा आकडा असतो.

इन्व्हर्टरवर पीसी टाकणार असाल, आणि बेळगावात पावसाळ्यात टाकणारच, तर प्युअर साइन वेव्हचा बघा आणि मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. एसएमपीएस लाईट गेल्यावर १६-१७ मिलिसेकंद स्वतःच्या साठ्यावर तग धरतो. दुसऱ्या मोडमध्ये इन्व्हर्टर त्याहून जास्त वेळ घेतो, पीसी रीस्टार्ट होतो, आणि तुम्ही रँक्ड मॅचमध्ये असता.

आता कार्ड. मॉनिटर धरून ७० की सोडून, ते तुम्ही लिहिलं नाही. १०८० पीला, म्हणजे फुल एचडी मॉनिटरला, आरटीएक्स ५०६० पुरे, १४५ वॅट खातं, ५५० च्या चांगल्या एसएमपीएसवर आरामात चालेल. रेडिऑनचं ९०६० एक्सटी सोळा जीबीवालं बजेटात बसलं तर मी तेच घेईन, कार्डावरचे आठ जीबी आता तोकडे पडायला लागलेत. बसत नसेल तर सहा पंख्यांतले चार काढा. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून डोक्यावर गेलेत, म्हणून नव्या एएम-फाइव्ह बोर्डाचा आणि डीडीआर-फाइव्ह रॅमचा हट्ट जमत नसेल तर जुन्या डीडीआर-फोर रॅमवर चालणाऱ्या रायझन ५६०० प्रोसेसरवर कमीपणा वाटून घेऊ नका. बाकीचं कुठल्याही व्हिडिओत सापडेल.

ऑनलाइन की दुकान? रॅम, एसएसडी ऑनलाइन घ्या, त्यात बिघडण्यासारखं थोडं. एसएमपीएस, मदरबोर्ड आणि कार्ड बेळगावातच घ्या, जीएसटीचं बिल आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. हजार-दीड हजार जास्त जातील. पण कार्ड बिघडलं तर तुम्ही दुकानदाराच्या काउंटरवर जाऊन उभे राहू शकता, मराठीत भांडू शकता, मराठीत जमलं नाही तर कन्नडमध्ये, आणि तो रोज गणपत गल्लीत दिसणारा माणूस असतो. वेबसाइटच्या चॅटमध्ये कोण दिसतंय? कोल्हापूरहून आणायचं असेल तर आणा, शंभर-सव्वाशे किलोमीटर काही लांब नाही, मीही आणतो. फक्त दिवस बघून. २०२२ च्या डिसेंबरात सीमाप्रश्न पेटून दोन्हीकडच्या बसेस थांबल्या, तेव्हा माझा नवा मॉनिटर कागलला मित्राच्या घरी मुक्कामाला होता. त्यावर त्याची मुलं कार्टून बघत होती.

आणि हो, पीसी झाल्यावर पुण्या-मुंबईच्या पोरांबरोबर खेळाल तर एक सूचना. आपण ‘मी मारलो, मी मारलो’ म्हणून ओरडतो, तिकडच्यांना वाटतं आपण मेलो. माझ्या टीमनं अशी एक जिंकलेली राउंड माझं शस्त्र उचलायला धावत येऊन घालवली आहे.

तर माझा पुरावा. २०१६ च्या दिवाळीत मी चार हजारांचा ब्रँडेड एसएमपीएस घेतला, त्यावर धास्तीनं ७५ वॅटचं, वेगळी वायर न लागणारं १०५० टीआय कार्ड लावलं. नंतर २०२२ ला ते काढून आरएक्स ६६०० लावलं, एसएमपीएस तोच. तीच गल्ली, तोच खांब, तेच माग, स्टॅबिलायझर एक दिवसही लावला नाही. आजवर फट्ट झालेलं नाही. म्हणजे दादा, चूक तुझी.

आता इथपर्यंत वाचलंच आहे तर एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही एसएमपीएस घ्याल आणि पुढचं विसराल. जुन्या पीसीच्या कॅबिनेटला हात लागला की मुंग्या यायच्या. मला वाटायचं सगळ्यांच्याच पीसीला येतात. तसं नसतं. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात, त्यांची गळती अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत जायची असते. अर्थिंग नसेल तर कॅबिनेट निम्म्या व्होल्टेजवर, शंभर-सव्वाशेवर तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या मुंग्या. चांगल्या एसएमपीएसची ती गाळणारी यंत्रणासुद्धा अर्थिंग नसेल तर अर्धीच कामाची.

आमच्या कंपनीत नवं व्हीएमसी मशीन आलं की बसवणारा इंजिनियर आधी अर्थिंगचा खड्डा बघतो, मोजतो, आणि आकडा पटला नाही तर मशीनला वायर लावत नाही. मी हे रोज बघत होतो. आणि घरी माझा पीसी ज्या एक्स्टेन्शन बोर्डावर होता तो मी स्वतः बनवलेला, गल्लीतल्या गणपतीच्या मांडवाची उरलेली वायर घेऊन. मांडवाची वायर दोन पदरी. तीन पिनांचा सॉकेट, आत तिसऱ्या भोकाला काहीच नाही.

२०१६ च्या दिवाळीत नवा एसएमपीएस घेतला त्याच आठवड्यात कंपनीतला वायरमन घरी आणून मागच्या अंगणात खड्डा काढला, कोळसा-मीठ भरलं, तीन पदरी वायर टाकली. दोन्ही एकदमच बदललं. त्यामुळं मला वाचवतंय एसएमपीएस की खड्डा, हे मला सिद्ध करता येत नाही. फुकटचा डबा फुटायचाच होता, असं मला अजूनही वाटतं. बारा गुणिले सोळा बदलत नाही.

बोर्डाचं दादाला माहीत नाही. तुम्ही मात्र पीसी यायच्या आधी मल्टीमीटर घेऊन सॉकेटवर आधी फेज आणि अर्थ मोजा, मग न्यूट्रल आणि अर्थ मोजा. पहिलं फेज-न्यूट्रलइतकंच आणि दुसरं दोन-तीन व्होल्टच्या आत आलं तर ठीक. पहिलं कमी आलं किंवा दुसरं वीस-तीस आलं तर आधी वायरमन बोलवा, यादी नंतर करा.